ध्येयाला पेन्शन लागते

गेले काही महिने माझ्या फोनवर एकच माणूस वेगवेगळे चेहरे घेऊन येतोय. केस बारीक, छाती ताठ, मागे डोंगर नाहीतर जिम. पहिले दोन सेकंद वर्दीतला जुना फोटो, मग टी-शर्टातला तो. "सतरा वर्षं देशाची सेवा केली. आता तुमच्यातला सैनिक जागा करणं हेच माझं पर्पज." खाली लिंक. लिंकच्या आत तीन दिवसांचं शिबिर, नाहीतर बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, नाहीतर भरतीची अकॅडमी. अधिकारी असेल तर मराठी कमी, इंग्रजी जास्त आणि समोर कंपनीतले मॅनेजर. जवान असेल तर ढोल-ताशा आणि "हमखास भरती".

त्या माणसाचा मला राग नाही. त्यातले काही जण खरोखर चांगलं शिकवत असतील. राग आहे तो 'पर्पज' या शब्दावर, आणि तो शब्द ज्या गोष्टीवर पांघरूण घालतो त्यावर. ती गोष्ट सांगायची तर आधी गावाकडे जावं लागेल.

मी मुरबाड तालुक्यातला. वैशाखरे म्हटलं की ट्रेकवाल्यांना नाणेघाट आठवतो, कारण वाट आमच्याकडून चढते. जुलैत माळशेजला जाणाऱ्यांना ट्रॅफिक आठवतं. आम्हाला आठवतात पहाटेचे साडेचार. कल्याण-नगर रस्त्याच्या कडेने पोरं पळत असतात. वरून जुन्नर-ओतूरकडचे भाजीचे टेम्पो उतरत असतात. टेम्पोवाल्याला उजाडायच्या आत कल्याणचं मार्केट गाठायचं असतं, पोराला साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे मीटर. दोघंही घाईत आणि रस्ता एकच. भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात आणि पोरं रस्त्यावरून खाली उतरतात. पाऊस पडेपर्यंत तेच आमचं स्टेडियम.

पोरं का पळतात हे विचारू नका. एक पीक भाताचं, तेही पावसावर. मग गवत कापायचं. मग मुरबाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, नाहीतर भिवंडीच्या गोडाऊनला. शेजारच्या शहापुरात तानसा आहे, भातसा आहे, तिथलं पाणी मुंबईला जातं आणि तिथली पोरं आमच्यासारखीच भिवंडीला. या सगळ्यात वर्दी ही एकच नोकरी अशी, की जिच्यासाठी ओळख लागत नाही, पाय लागतात. निदान आम्ही तसं समजत होतो.

माझं साल 2018. बारावी झाली होती. वडिलांनी त्या वर्षीच्या गवताचे आलेले सगळे पैसे एका अकॅडमीत भरले. राहणं-जेवण धरून महिन्याची फी. पत्र्याची शेड, चाळीस पोरं, एक संडास, पहाटे चारला शिट्टी. अकॅडमी काढणारे सर फौजेतून आलेले होते. आमच्याकडे नाईक म्हणून सुटून आलेल्या माणसालाही गाव 'मेजर'च म्हणतं, पण यांना आम्ही 'सर' म्हणायचो, कारण फ्लेक्सवर तसं लिहिलेलं होतं. सर पळवायचे मात्र मनापासून. माझं सोळाशे सहा मिनिटं दहावरून पाच वीसवर आलं. त्या वेळच्या सैन्यभरतीत साडेपाचच्या आत आलं की साठ गुण, बीमवर दहा पुलअप्स मारले की चाळीस. रॅलीत मी शंभरपैकी शंभर घेतले. त्या रात्री वडिलांना फोन केला तेव्हा पलीकडे कोणीतरी फटाका लावल्याचा आवाज आला होता.

दुसऱ्या दिवशी मेडिकल. डॉक्टरांनी घोटे जुळवून उभं राहायला सांगितलं. घोटे जुळायच्या आधी माझे गुडघे एकमेकांना चिकटले. दहा सेकंदांचं काम. बाहेर.

घरी आल्यावर आठवडाभर मी कोणाशी बोललो नाही. मग एक दिवस वैशाखऱ्याच्या स्टँडवर एक रिटायर हवालदार भेटले. मी त्यांना काका म्हणतो, नात्याने कोणी नाहीत. मी लांबून चालत येत होतो. त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "गुडघ्यावर काढलं ना रं? तुझ्या चालीवरनंच दिसतंय. कोणी सांगितलं नाय तुला?"

चौदा महिने मी एका फौजी माणसासमोर दररोज पळत होतो. रोज. अर्ध्या चड्डीत. आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

सर मला मध्यंतरी एका हळदीला भेटले. अकॅडमी बंद झाली होती. 2020 ते 2022 या काळात सैन्याची भरतीच झाली नाही, शेड रिकामी पडली. माझ्याबरोबरचे तीन जण त्या दोन वर्षांत वयातून गेले, ते वेगळंच दुःख. सर आता एका सोसायटीच्या गेटवर सुपरवायझर आहेत. जेवणं झाल्यावर ते स्वतःहून माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुझे गुडघे मला पहिल्याच आठवड्यात दिसले होते." मी गप्प. "मी बारा वर्षांत सुटलो. आई अंथरुणाला होती, अर्ज देऊन आलो. पंधरा पूर्ण नाहीत म्हणजे पेन्शन नाही. शेडचं भाडं, किराणा, बँकेचा हप्ता. तुला घरी पाठवला असता तर तुझ्यासारखे अजून सात होते, त्यांनाही पाठवावं लागलं असतं."

मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या. दिल्या नाहीत. मनातल्या मनात मी त्यांच्या शेडचा हिशोब मांडत बसलो आणि तो माझ्या गुडघ्यांशिवाय जुळत नव्हता.

हवालदार काकांकडे शेड नाही. फ्लेक्स नाही. इन्स्टा तर त्यांना कशाशी खातात तेही माहीत नाही. दोन झाडांच्या मध्ये पाइप बांधून केलेला बीम, स्वतः खणलेला नऊ फुटांचा खड्डा, पोलीस भरतीसाठी 7.26 किलोचा गोळा, मुलींसाठी चार किलोचा, आणि एक स्टॉपवॉच. नवीन पोरगं आलं की ते पहिल्या दिवशी पळवत नाहीत. घोटे जुळवून उभं करतात. ओल्या पायाने दगडावर उभं करून पायाचा ठसा बघतात, तळवा सपाट आहे का ते. लांब उभ्या एसटीची पाटी वाचायला लावतात. पिंढऱ्यांवरच्या शिरा बघतात. मग सांगतात: हे डॉक्टरकडे जाऊन बरं होण्यासारखं आहे, हे नाही. दहातल्या दोन-तीन पोरांना ते त्याच दिवशी सांगतात, सैन्याचा नाद सोड, पोलिसाचं बघू, नाहीतर आयटीआयचा फॉर्म भर, मुदत अजून आहे. पोरं रडतात. एकाची आई भांडायला आली होती. काका म्हणाले, "वैनी, आज रडला तर एक दिवस रडंल. दोन वर्षांनी रडला तर तुमचा बैल जाईल."

फी घेत नाहीत. दिवाळीला कोणी तांदूळ आणून दिले तर घेतात.

आता सांगा, काका मोठे आणि सर छोटे? मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. काकांचं चारित्र्य, सरांचा लोभ. पण काका चोवीस वर्षं नोकरी करून सुटले आहेत. दर महिन्याच्या शेवटी त्यांच्या खात्यात पेन्शन पडते, ती महागाईबरोबर वाढते, ते गेल्यावर काकूंना तिचा भाग मिळत राहील. एखाद्या पोराला "तुझं होणार नाही" असं सांगायची त्यांना एक पैची किंमत पडत नाही. सरांना प्रत्येक "नाही"ची किंमत एका फीइतकी होती. दोघांची वर्दी एकच. दोघांचं मनही, माझ्या मते, फार वेगळं नव्हतं. फरक होता तो महिन्याच्या शेवटच्या तारखेचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की ध्येयाला पेन्शन लागते.

हे ऐकायला कोतं वाटतं, मला माहीत आहे. आपल्याला फकीर आवडतात. पण आपल्याच इतिहासात सैन्य सोडून लोकांना शिकवायला लागलेली माणसं बघा.

गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. सैन्यातून 1886 मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. दोन वर्षांत 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली, 1890 मध्ये अनार्य दोष-परिहारक मंडळी स्थापन केली, 'दीनबंधू'त आणि 'सुधारका'त लिहीत राहिले. अस्पृश्यतेविरुद्ध इतक्या रोखठोक भाषेत लिहिणारे त्या समाजातले ते पहिलेच. ज्या गावात सावली पडलेली चालत नाही, तिथे बसून हे लिहायचं तर पोटासाठी त्या गावावर अवलंबून असून चालत नाही. वलंगकरांकडे निवृत्त सैनिकाचा दर्जा होता आणि पेन्शन होती. गावकीने भाकर बंद केली तरी चूल पेटणार होती.

रामजी सकपाळ. सुभेदार-मेजर, लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक. आपण त्यांना फक्त बाबासाहेबांचे वडील म्हणून ओळखतो, पण निवृत्तीनंतरचं त्यांचं मोठं काम म्हणजे एका विद्यार्थ्याचं कोचिंग. पहाटे उठवणं, इंग्रजी घोटून घेणं. बाबासाहेबांच्या चरित्रांत एक आठवण येते: भीमाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा एखादा दागिना गहाण ठेवायचे, आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. वाचताना आपण बापाच्या मायेने गलबलून जातो. मी सावकाराच्या बाजूने विचार करतो. सावकाराने तो दागिना का घेतला आणि परत का मिळाला? कारण महिन्याची तारीख पक्की होती.

अण्णा हजारे हे तिसरं नाव. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, माझंही फार बरं नाही. ते लष्करात ट्रकचालक होते. 1965 च्या युद्धात बचावल्यावर उरलेलं आयुष्य लोकांसाठी द्यायचं त्यांनी ठरवलं. पण लगेच सोडून आले नाहीत. तेव्हा सुटलो तर पेन्शन बसणार नाही आणि आपण कोणावर तरी ओझं होऊ, म्हणून पेन्शनला पात्र होईपर्यंत ते नोकरी करत राहिले, आणि मग राळेगणसिद्धीला आले. देवळात राहणारा माणूस. त्यानेसुद्धा ध्येयाला काही वर्षं थांबवून ठेवलं होतं.

रीलमधला माणूस हा भाग गाळतो. तो सांगतो, मी सगळं सोडून तुमच्यासाठी आलो. सोडलेल्यातलं काय मागून येत राहतं, ते सांगत नाही. त्याचं बघून बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा समजतो की आपणही हे करू शकतो. आणि आता असे पोरगे येणार आहेत, एक-दोन नाहीत.

14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयाची पोरं, चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवायचे, बाकीचे घरी. पहिल्या वर्षी वयोमर्यादा तेवीसवर नेली, कारण भरतीची दोन वर्षं वाया गेली होती. पहिल्या तुकड्या त्याच वर्षाच्या शेवटी-शेवटी आत गेल्या. चार मिळवा, बोटांवर हिशोब होतो. आमच्या भागातलीही पोरं त्यात आहेत.

पगार पहिल्या वर्षी तीस हजार, त्यातले तीस टक्के कापून हातात एकवीस. चौथ्या वर्षी चाळीस, हातात अठ्ठावीस. कापलेले साधारण पाच लाख दोन हजार होतात, तेवढेच सरकार घालतं, व्याज धरून सुटताना 11.71 लाख. त्यावर कर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

अकरा लाख एकाहत्तर हजार. आमच्या पाड्यावर एवढी रक्कम एकदम कोणी पाहिलेली नाही, म्हणून ती डोंगराएवढी दिसते. ती बँकेत सात टक्क्यांनी ठेवा. महिन्याला सहा हजार आठशेच्या आसपास येतात. केंद्र सरकारची किमान पेन्शनसुद्धा नऊ हजार आहे. शिवाय हे सहा हजार आठशे दहा वर्षांनीही तेवढेच राहतील, तेलाचा डबा राहणार नाही. आणि पैसे बँकेत राहतील असं समजायचं, म्हणजे बहिणीचं लग्न नाही, घराचा पत्रा नाही, आणि ज्या दिवशी पैसे जमा झाले त्या दिवशी शेड टाकून देणारा कोणी दारात आला नाही.

तो येणारच आहे. कारण सुटून आलेल्या पोराला समाजाने दोनच खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत. एक सिक्युरिटी गार्डची, गेटवरची. दुसरी अकॅडमीची, ग्राउंडवरची. केंद्रीय पोलीस दलांत जागा राखीव ठेवल्यात, हे मला माहीत आहे. राखीव जागा म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा ग्राउंड, पुन्हा यादी. योजना आली तेव्हा सांगितलं गेलं की ही शिस्तबद्ध, कुशल, प्रेरित तरुणांची फौज समाजात परत येईल आणि समाजाचं भलं होईल. म्हणजे पर्पज सरकारनेच आधी लिहून दिलं. पेन्शनच्या रकान्यात ते भरलं.

काम मात्र अर्धं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचेनवर अक्षय गवते गेला. बुलढाणा जिल्ह्यातला, अग्निवीर. सियाचेनची थंडी कोणाची नोकरी चार वर्षांची आणि कोणाची सतरा, हे विचारत नाही.

यावर मला दोन उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं: पेन्शन असलेलेही लुटतातच की. अगदी खरं. चांगली पेन्शन घेणारे साहेब एका भाषणाचे जेवढे घेतात तेवढ्यात आमच्या काकांचं ग्राउंड दहा वर्षं चालेल. पोट भरलेला माणूस प्रामाणिक असेलच असं मी म्हटलेलं नाही. मी म्हणतो की ज्याचं पोट पुढच्या ॲडमिशनवर आहे, त्याला प्रामाणिक राहायला सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्याच्याकडे पोरं पाठवणं हा पोरांवर.

दुसरं उत्तर जास्त गोड असतं. फौजी माणसाच्या रक्तातच शिकवणं असतं, त्याला पैशाचं काय. हे रक्ताचं प्रकरण मला पटत नाही. 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाले. पहिले मानकरी तिघे: कुस्तीचे भालचंद्र भागवत, मुष्टियुद्धाचे ओ. पी. भारद्वाज, ॲथलेटिक्सचे ओ. एम. नंबियार. यातले दोघे वर्दीतून आलेले. भारद्वाज सैन्यातले बॉक्सर, नंबियार हवाई दलातले. नंबियारांनी पी. टी. उषाला घडवलं, ती 1984 च्या लॉस एंजेलिसमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकली ती त्यांच्याच हाताखाली तयार होऊन. पण कोच होण्यासाठी नंबियार आधी पतियाळाच्या क्रीडा संस्थेत जाऊन शिकले, आणि मग केरळात सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या नोकरीवर राहून शिकवलं. आजच्या काळातलं बघायचं तर बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचेनला राहिला, सैन्याच्या क्रॉस कंट्रीत दिसला, आणि सैन्याच्याच कोचने, अमरीश कुमारांनी, त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. 2022 च्या राष्ट्रकुलमध्ये रौप्य, 8 मिनिटं 11.20 सेकंद. कोचचा पगार सैन्य देत होतं, धावणाऱ्याचाही. साबळे एका दिवसात पदकावर आला नाही आणि तोवर कोणाच्या शेडचं भाडं थकत नव्हतं.

कोचिंग ही कला आहे, सुतारकामासारखी. ती शिकावी लागते. वर्दी घातली म्हणून हात बसत नाही. रायफल चालवता येते म्हणून सतरा वर्षांच्या पोराच्या घोट्यावर किती ताण चालेल ते कळत नाही. आमच्या शेडमध्ये नडगी दुखायला लागली की "दुखणं म्हणजे कमजोरी बाहेर पडतेय" असं सांगायचे. एकाच्या नडगीच्या हाडाला चीर गेलेली होती. तो दोन महिने कमजोरी बाहेर काढत होता.

साहेबलोकांसाठी राज्य सरकारने हे नीट केलेलं आहे, हे सांगितलं पाहिजे. छत्रपती संभाजीनगरची एसपीआय 1977 पासून एनडीएसाठी मुलं तयार करते. निवृत्त अधिकारी शिकवतात, खर्च सरकार करतं, त्यामुळे जागा भरण्यासाठी कोणाला खोटं बोलावं लागत नाही. नाशिकला सीडीएससाठी छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तेही तसंच. जवान होऊ पाहणाऱ्यांसाठी बार्टी, टीआरटीआय यांची भरतीपूर्व प्रशिक्षणं निघतात. पण आमच्या वैशाखऱ्याच्या स्टँडवर पोचतो तो खासगी अकॅडमीचा फ्लेक्स.

आणि जागा नाहीत असं तर मुळीच नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक द्यायला सांगितलाय. आदिवासी विकास विभागाचा प्रकल्प शहापूरला आहे, त्याच्या आश्रमशाळा या दोन्ही तालुक्यांत आहेत. तिथली ठाकर-कातकऱ्यांची पोरं अनवाणी जशी पळतात तशी आमच्या अकॅडमीतली बूट घालूनही पळत नव्हती. सुटून येणाऱ्या अग्निवीराला चौथ्या वर्षातच कोचिंगचं रीतसर शिक्षण द्या, आणि त्याला अशा शाळेवर पगारी नेमा. मानधनावर नको, अकरा महिन्यांच्या करारावर नको. पगारी. मग म्हणू द्या त्याला पर्पज.

खासगी अकॅडम्यांचं म्हणाल तर माझी मागणी लहान आहे. फी घ्यायच्या आधी डॉक्टरकडून तपासणी. घोटे, तळवे, डोळे, कान, शिरा. आणि दारावर तीन आकडे: किती आले, किती लागले, किती वयातून गेले. फ्लेक्सवर फक्त मधला आकडा असतो.

गेल्या डिसेंबरात मी सुट्टीला घरी होतो. मी आता भिवंडीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, बरं चाललंय. काकांच्या डोळ्यांना पहाटे घड्याळावरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून मी गावाला असलो की स्टॉपवॉच माझ्या हातात देतात. त्या दिवशी खाचरात दव पडलेलं होतं. पलीकडच्या पाड्यावरचा एक पोरगा आला होता, अग्निवीर, रजेवर. पोरांबरोबर तोही पळला. पाच मिनिटं दोन सेकंद. लहान पोरं त्याच्याकडे देवाकडे बघावं तसं बघत होती.

पळून झाल्यावर तो काकांच्या बाजूला बांधावर बसला. म्हणाला, "काका, सुटून आलो की इथंच अकॅडमी टाकू म्हणतो. जागा बघितली आहे. तुम्ही उद्घाटनाला या."

काकांनी त्याला आधी पाणी दिलं. मग विचारलं, "घरात महिन्याला किती लागतात?"

"म्हणजे?"

"किराणा, लाइट, म्हातारीचं औषध, भावाचं कॉलेज. सांग की."

पोराने मोबाइल काढला आणि कॅल्क्युलेटर उघडला. पहिला आकडा टाकला, खोडला, पुन्हा टाकला. मग आईला फोन लावून विचारायला लागला, बीपीची गोळी कितीला येते.